धुळ्याला ठेवलेली चार

३ डिसेंबर, बुधवार

जळगावला पोराकडे आले, पिंप्राळ्यात. पिशवी खाली ठेवली नाही तोच योगराजनं बजावलं — "आई, आलीस बरं झालं. स्वयंपाक कर, डिंपलला बादली उचलू देऊ नको. पण हे सगळं होईपर्यंत तोंड बंद ठेव."

म्हटलं, जेवताना उघडू का?

हसला नाही. पोरगा अडतिसाव्या वर्षी बापासारखा दिसायला लागला, पण बाप हसायचा तरी.

त्याचंही खोटं नाही म्हणा. मागच्या खेपेला कॉलनीतली एक बाई माझ्या सुनेला, डिंपलला म्हणाली, आठ वर्षं झाली ना गं, अजून काहीच नाही? मी तिथल्या तिथं तिला तिच्या दोन्ही दिवट्यांचे दहावीचे मार्क विचारले. तेव्हापासून ती बाई बोलत नाही आणि योगराज मला घाबरतो.

म्हणून ही डायरी. केळीच्या रोपवाल्यानं दिलेली, मागच्या सालची. छापलेल्या तारखा खोडून वर माझ्या लिहिते. शाळा तिसरीपर्यंत. जोडाक्षर अडलं तर अडलं, कोण वाचायला बसलंय.

४ डिसेंबर, गुरुवार

आज पहिलं इंजेक्शन. पोटात, बेंबीच्या बाजूला. डिंपल स्वतःच टोचून घेते. मी भिंतीकडे बघितलं.

६ डिसेंबर, शनिवार

शिव्या खाल्ल्या. पोराच्या.

झालं असं — फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी इंजेक्शनांचा डबा. मी सकाळी दूध काढायला गेले, डबा हाताला लागला तर बर्फासारखा. म्हटलं, हे असलं गारढोण पोटात घालायचं? आणि औषधाला काही होत नसेल का? आमच्याकडे थंडी पडली की केळीला चरका लागतो. पानं करपतात, घडाच्या आत काळी रेघ धरते, वरून हिरवं दिसलं तरी ते केळ पुढं पिकत नाही. गारठ्यानं जे मरतं ते मेलेलं दिसतसुद्धा नाही. म्हणून डबा फडक्यात गुंडाळला आणि तांदळाच्या कोठीत खोल पुरला. उबेला.

संध्याकाळी इंजेक्शनाची वेळ, डबा नाही! योगराज फ्रीज रिकामा करत बसला. मी गुमान कोठीचं झाकण उघडलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "आई, हे केळं नाहीये."

दवाखान्यात फोन लावला. तिकडची सिस्टर म्हणे, थंडीचे दिवस आहेत, एवढ्यानं काही बिघडत नाही. पण पुन्हा फ्रीजमध्येच ठेवा.

डिंपल तोंडावर पदर धरून हसत होती. मी इथं आल्यापासून पहिल्यांदा हसलेली पाहिली. तेवढं बरं झालं.

८ डिसेंबर, सोमवार

धुळ्याला गेलो. दवाखाना धुळ्याचा काय म्हणून? तर जळगावात चार घरं सोडून पाचवं ओळखीचं. दवाखान्याच्या पायरीवर कुणी बघितलं की संध्याकाळपर्यंत आमच्या रावेरला बातमी. कॉलनीत सांगितलं, धुळ्याला लग्नाची बोलणी आहेत. कुणाच्या लग्नाची ते मीच जोडून दिलं. एवढ्यापुरतं तोंड उघडायची परवानगी होती.

बाहेर बाकड्यावर एक बाई शेजारी बसली. माझ्याच वयाची, दिवालीबाई नाव.

"कोनतं गाव शे माय तुमनं?"

म्हटलं, रावेरकडचं.

"मी पिंपळनेरनी. सूनले आनेल शे. तिसरी येळ शे." मग माझ्याकडे निरखून — "तुम्ही गुमान काब्र बठेल शेतस?"

म्हटलं, पोरानं तोंड बंद ठेवायला सांगितलंय.

"मना पोऱ्याबी सांगस. मी आयकस नही."

बाई आवडली मला.

आत डॉक्टरीणबाई. तरुण आहे, पण घाई नाही तिच्या बोलण्यात. डिंपलच्या नळ्या बंद आहेत म्हणून बीज बाहेर काढून बाहेरच गर्भ करायचा, हे मला ठाऊक होतं. आज दुसरं कळलं. दोघांचं रक्त तपासलं तर दोघांच्याही रक्तात एकच खोट निघाली. थॅलेसेमिया. त्या दोघांना त्याचा काही त्रास नाही, नुसते वाहक. पण दोघांकडून ती खोट पोरात उतरली तर पोराचं रक्तच धरत नाही. जन्मभर दर महिन्याला बाहेरचं रक्त चढवायचं.

डॉक्टरीणबाईनं चार बोटं वर केली आणि एक मुडपलं. "चारात एक. प्रत्येक वेळी."

मग म्हणाली, रस्ते दोन. एक — गर्भ तयार झाला की पाचव्या दिवशी ताजाच आत ठेवायचा, न तपासता. दिवस राहिले तर तिसऱ्या महिन्यात वारेचा तुकडा तपासायचा. गर्भ खराब निघाला तर काढावा लागेल. दुसरा — सगळे गर्भ गोठवून ठेवायचे, प्रत्येकाच्या दोनचार पेशी तपासायला पाठवायच्या, आणि चांगला असेल तोच नंतर आत ठेवायचा. त्याला दोन महिने जास्त. आणि पोरगा की पोरगी ते कुणालाच कळणार नाही, विचारायचंही नाही. ते मागं भिंतीवर लिहिलेलंही होतं.

मग कागदावरून मान वर न करता तिनं विचारलं, "घरात कुणी मूल लहानपणी रक्त कमी होऊन गेलंय?"

योगराज म्हणाला, "नाही."

माझं तोंड बंद होतं.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळपासून एकच पसाभर तांदूळ निवडते आहे. खडा एकही नाही त्यात.

ललिता. माझी पहिली. योगराजच्या आधी दहा वर्षं. त्याला एवढंच माहीत की एक बहीण होती, ती तापानं गेली. मीच सांगितलं असेल तसं. मग दोन पोरी झाल्या, मग हा.

सहा महिन्यांची झाली आणि रंग उतरायला लागला. केळीचा गाभा सोलला की दिसतो तशी पांढरी. हिरड्या पांढऱ्या, तळहात पांढरे. पोट नगाऱ्यासारखं आणि पाय काड्या. दहा पावलं चालली की बसायची. आणि सदा गारठलेली. चैत्रातसुद्धा हात गार. मी विहिरीवर धुणं धुवायची तेव्हा तिला ढोरांना पाणी पाजायच्या डोणीच्या दगडावर बसवायची, दगड उन्हानं तापलेला असायचा. तिथं ती खुश. म्हणायची, "माय, इथं ऊन राह्यतं."

सासू म्हणाली नजर लागली. फैजपूरच्या वैद्यानं भस्म दिलं. एकदा यांनी जळगावला नेऊन रक्त चढवलं. घरी आणली तर गाल गुलाबी! दीड महिना गुलाबी होते. अंगणात धावली. मग पुन्हा पांढरी. दुसऱ्यांदा न्यायचं ठरलं, तोवर राहिली नाही.

नाव नव्हतं त्याला. पंडुरोग म्हणा, नजर म्हणा, नशीब म्हणा. काल धुळ्याला एका पोरसवदा बाईनं नाव सांगितलं. पंचेचाळीस वर्षांनी.

चारात एक, ती म्हणाली. मी तिथं बसल्या बसल्या माझी चार मोजली.

१० डिसेंबर, बुधवार

चहाला दोघांची जुंपली. आवाज चढवून नाही, हळू आवाजात. ते जास्त वाईट.

योगराजचं म्हणणं ताजाच ठेवू. "आठ वर्षं थांबलोच आहोत. त्यात पेशी काढायच्या, गोठवायचं, मग वितळवायचं. प्रत्येक पायरीला एकेक गेला तर हातात काय राहील? आणि चारात तीन चांगलेच असतात ना?"

डिंपल म्हणाली, "आणि तिसऱ्या महिन्यात काढायची वेळ आली तर? तू काढशील?"

तो बशी फिरवत बसला.

माझंच मला कळेना. तपासायला हवं, हे मला त्या दोघांपेक्षा जास्त कळतं. पण गोठवायचं म्हटलं की डोळ्यापुढं चरका लागलेला घड येतो. वरून हिरवागार, आत काळी रेघ. योगराज मागं मला समजावत होता, आई, टिश्यूची रोपं आपण लावतोच ना, तीही बाटलीतच तयार होतात. म्हटलं, रोपाला बारसं घालतोस का तू?

आणि बाटली उबेला असते. मी पाहिलीय.

११ डिसेंबर, गुरुवार

घरात बसवेना. सकाळच्या एसटीनं गावी जाऊन आले. म्हटलं धुणं आणायचंय. धुणं नव्हतं.

दीर जीवराम मळ्यात होते. बांधावर काडीकचरा पेटवून धूर करून ठेवलेला, केळीला ऊब मिळावी म्हणून. तरी कडेच्या दोन ओळींना चरका लागलाच होता. मी एक केळ मोडून बघितलं. होती रेघ.

जीवरामभाऊंना बातमी होतीच. धुळ्याचा दवाखाना केला तरी होतीच! म्हणाले, "वहिनी, एवढं तपासू राह्यले तं पोरगं का पोरगी तेबी पाहून घ्या ना. एकाच खर्चात होईन."

म्हटलं, "ते पाह्यलं तं डॉक्टर जेलात जाईन अन् मागून तुम्ही. मंग केळी कोण कापीन?"

"मी आपलं बोललो."

"आपलंच बोलले तुम्ही. दोन पोरं आहेत ना तुम्हाले? एक तरी धूर करायले आलं का आज?"

धुराकडे वळले. जिभेला बरं वाटलं जरा, आठ दिवस गंजत पडली होती.

येताना एसटीत खिडकी लागत नव्हती. जळगाव येईपर्यंत हात बगलेत धरून बसले.

१३ डिसेंबर, शनिवार

सांगितलं.

ओट्याखाली बसून दोघी तुरीच्या शेंगा सोलत होतो. डिंपलचं पोट इंजेक्शनांनी फुगलंय, नीट वाकता येत नाही, भिंतीला टेकून सोलत होती. मी शेंगेकडे बघतच बोलले. ललिता, हिरड्या, डोणीचा दगड, दीड महिन्याचे गुलाबी गाल. सगळं. रडले वगैरे नाही. शेंगा सोलणं थांबवलंही नाही.

ती म्हणाली, "मग त्या दिवशी तिथं बोलला का नाहीत, आई?"

म्हटलं, तुझ्या नवऱ्यानं तोंड बंद ठेवायला सांगितलंय.

"मग आता?"

"त्याच्याशी कुठं बोलतेय मी? मी तुझ्याशी बोलतेय."

तिनं आणखी एक शेंग सोलली. मग तिनं विचारलं, दुखायचं का तिला?

हे कुणी विचारलं नव्हतं आजवर. मी म्हटलं, माहीत नाही. रडायची नाही. रडायलाही अंगात रक्त लागतं.

मग मी तिला चरक्याचंही सांगितलं, कारण अर्धंच सांगायचं हा खोटेपणा झाला असता. म्हटलं, तपासावं असं वाटतं आणि गोठवू नये असंही वाटतं. आता तू ठरव. माझ्या डोक्यात दोन्ही मावत नाहीत.

डिंपल म्हणाली, "माझ्याही."

१६ डिसेंबर, मंगळवार

आज बीज काढलं. पहाटे निघालो. एरंडोलपर्यंत योगराज ताजाच ताजाच करत होता, पुढं पारोळ्यापर्यंत कुणीच काही करत नव्हतं.

दवाखान्यात डिंपलला हिरवा झगा घातला, टोपी घातली. आत नेण्याआधी डॉक्टरीणबाईनं विचारलं, काय ठरलं? योगराजनं तोंड उघडलं. डिंपल त्याच्या आधी म्हणाली, "तपासायचे. सगळे गोठवा."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

ती आत गेली आणि मला बसवेना. जिन्यापाशी येरझाऱ्या. तिथं एक पोरगी जाळीची टोपी घालून पाणी प्यायला आली. रोहिणी म्हणे, आतल्या लॅबमध्ये काम करते. गर्भ गोठवते ती हीच. मी अडवलीच. म्हटलं, बाई, केळीला चरका लागतो ठाऊक आहे?

तर ती यावलची निघाली! बापाची केळीची बाग. म्हणाली, "आजी, असं विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या. केळी हळूहळू गारठते. आत पाणी असतं, ते गारठून आतून इजा करतं. आम्ही आधी गर्भातलं पाणी काढून घेतो आणि मग एका झटक्यात गोठवतो. हळूहळू गारठायला वेळच देत नाही त्याला."

"आणि काढताना?"

"तेही एका झटक्यात."

"एखादा मरतो?"

ती खोटं बोलली नाही. म्हणाली, "एखादा जातो, आजी. कधीतरी."

परत येताना पारोळ्याला चहाला थांबलो. डिंपल गाडीत मागं आडवी झालेली. तिनं त्याला सांगितलं असणार, कारण तो कप हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, मला वाटायचं ती तापानं गेली."

म्हटलं, तापही होता.

१७ डिसेंबर, बुधवार

फोन आला. बाराच्या वर बीजं निघाली, आठांचे गर्भ धरले. योगराज दुकानातून पेढे आणायला निघाला. मी हाताला धरून बसवला.

२१ डिसेंबर, रविवार

पाचवा दिवस. चार उरले. पेशी काढल्या, गोठवले. चार.

आकडा कुणी मुद्दाम निवडलेला नाही.

२५ डिसेंबर, गुरुवार

थंडीनं कहर केलाय. जीवरामभाऊंचा फोन — आख्खा मळा धुरात ठेवलाय, तरी भरवसा नाही.

मी दोन गोधड्या घेऊन झोपते आणि मधेच एक काढून टाकते. धुळ्यालाही इतकीच थंडी असेल का, असं डिंपलला विचारलं. ती म्हणाली, आई, ते टाकीत आहेत, त्यांना बाहेरची थंडी लागत नाही. मला कळतं ते. तरी विचारलं.

२ जानेवारी, शुक्रवार

निकाल नाही.

७ जानेवारी, बुधवार

निकाल नाही. माळा साफ केला. माळ्यावर साफ करण्यासारखं काही नव्हतं.

शेजारीण विचारत होती, धुळ्याच्या लग्नाचं काय झालं? म्हटलं, पत्रिका जुळतात का ते बघायला दिलंय.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. मोठी पोरगी तिच्या दोन पोरांना घेऊन आली. आजी-आजी करत त्यांनी तिळाचे लाडू संपवले. डिंपलनं त्यांना पतंगाचा मांजा गुंडाळून दिला. कॉलनीतल्या बायका हळदीकुंकवाला बोलवायला आल्या, तिनं पाठ दुखते म्हणून सांगितलं. मी गेले. तिळगूळ घेतला आणि गोड बोलले. योगराजला आश्चर्य वाटावं इतकं गोड.

१७ जानेवारी, शनिवार

आला.

चारातले दोन खराब. म्हणजे ललितासारखे. एक वाहक. चौथ्याचं काही कळलंच नाही — पेशी पाठवल्या होत्या त्यातून उत्तर निघालं नाही म्हणे. तो पुन्हा वितळवून, पुन्हा पेशी काढून, पुन्हा गोठवता येतो, पण त्यात तो दगावू शकतो. नाहीतर तसाच आत ठेवायचा आणि तिसऱ्या महिन्यात पाहायचं. ते नंतरचं नंतर, डॉक्टरीणबाई म्हणाली. आधी तो वाहक ठेवू, त्याला काही होत नाही.

योगराज सोफ्यावर बसला. "एकही स्वच्छ नाही. एवढं करून एकही नाही."

मग मात्र माझं तोंड उघडलं. दीड महिना शिवून ठेवलेलं.

"स्वच्छ म्हणजे काय रे? तू वाहक, ही वाहक. मी वाहक, तुझा बाप वाहक, नाहीतर ललिता कुठून आली? सत्तर वर्षं झाली मला. डोक्यावर घड आणले, चार बाळंतपणं केली, तुला अंगावर पाजला. माझ्यात काय घाण दिसते तुला?"

"आई, मी तसं नाही म्हटलं."

"मग कसं म्हटलंस?"

डिंपल म्हणाली, "ठेवायचा. तोच ठेवायचा." आणि कुकर लावायला उठली.

२० जानेवारी, मंगळवार

त्या दोन खराब गर्भांचं काय करायचं ते दवाखान्याला सांगावं लागतं. ठेवत नाहीत ते. दोघांनी सही करून दिली. माझी सही कुणी मागितली नाही. मागितली असती तर केली असती.

पण भाकरी थापताना हात थांबला.

तपासायचं हे माझ्या बोलण्यावरून ठरलं. तपासायचं म्हणजे हेच, दुसरं काय? माझ्या वेळेला ही टाकी असती, ही डॉक्टरीणबाई असती, तर ललिता धुळ्यालाच राहिली असती. तिला घरी आणलीच नसती मी.

बरोबरच केलं. उद्या पुन्हा कुणी विचारलं तर हेच सांगीन. ललितानं जे सोसलं ते दुसऱ्या कुणाच्या पोरानं सोसू नये. पण चार वर्षांची होत आली होती ती. भाकरी फुगली की वरचा पापुद्रा आधी तिला लागायचा, मग बाकीच्यांना. वाफ तोंडावर घ्यायची, गालाला लावायची. ऊब म्हणून.

भाकरी करपली आज. डिंपलनं येऊन खिडकी उघडली.

२८ जानेवारी, बुधवार

डिंपलच्या गोळ्या सुरू. आत गादी तयार व्हायला पाहिजे म्हणे. मी म्हटलं, गादी मी घालते. एवढंसं हसली.

मी गावी जाते म्हटलं. दोघंही एकदम नको म्हणाले. दोघंही! मग राहिले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ठेवला. एवढा गाजावाजा आणि काम दहा मिनिटांचं. डिंपलनं पडद्यावर पाहिला — चमकलेला ठिपका, म्हणे. योगराजनं पाहिला. मला आत घेतलं नाही.

रोहिणी बाहेर आली तेव्हा मी जिन्यापाशीच होते. "आजी, छान वितळला. चरका नाही लागला."

तिच्या डोक्यावरून हात फिरवला. टोपी निसटली तिची.

बाकड्यावर पिंपळनेरच्या दिवालीबाईला शोधलं. नव्हती. तिचं तिसऱ्या वेळेला काय झालं, कुणाला विचारावं कळेना.

पारोळ्याला थांबलो नाही. योगराजनं गाडी बैलगाडीसारखी चालवली.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

डिंपल फरशीवर पाय जपून ठेवते. मीही जपून ठेवते, मला काय झालंय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज तिला मळमळलं. ती म्हणाली, गोळ्यांनीही होतं. मी म्हटलं, होतं.

मग मी देवापाशी गेले आणि काही मागितलं नाही. उदबत्ती सरळ केली नुसती. मागायची सवय राहिली नाही.

योगराज त्याच्या दुकानातून दिवसात तीनदा फोन करतो. काय करतेय? बसलीय. आता काय करतेय? बसलीय. म्हटलं, उठली की मी कळवते तुला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जीवरामभाऊंचा फोन. कडेच्या दोन ओळी सोडून बाकी बाग वाचली. थंडी गेली म्हणाले.

सोमवारी डिंपलचं रक्त तपासायचं. इथंच जळगावात देऊ, धुळ्याला पोचेल.

मी उन्हात खुर्ची टाकून दिली तिला. दुपारभर बसली तिथं. डोळे मिटून म्हणाली, "आई, इथं बरं ऊन असतं."

मी आत निघून आले.

२३ फेब्रुवारी, सोमवार

धुळ्याहून फोन आला. राहिला नाही.

डिंपल ओट्यापाशी उभी होती ती उभीच राहिली. योगराजनं फोन खाली ठेवला. मग माझ्याकडे वळला. "आई, आता तू बोल. त्या चौथ्याचं काय करायचं?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा विचारलं. आणि मला एवढंच सुचलं.

म्हटलं, काढा तिला बाहेर. गारठली असेल.